अकरा महिन्यांच्या करारातला संसार: पदवीनंतर पहिले घर मांडणाऱ्यांसाठी

पदवीच्या शेवटच्या सत्राची परीक्षा बहुधा एप्रिल-मे महिन्यांत संपते आणि नोकरीवर हजर होण्याचे पत्र पावसाळ्याच्या सुरुवातीचे असते. मधले हे दिवस सहलीत किंवा एखाद्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात घालवण्याची रीत पडली आहे. परंतु ज्यांना पुढे आपल्या हाताने रांधून, मोजक्या वस्तूंत आणि कमीत कमी कचरा करून राहायचे आहे, त्यांनी हे दिवस घरीच काढावेत, असे मी आग्रहाने सांगेन. कारण आपल्याकडे वर्षाची बेगमी होते ती नेमकी याच दिवसांत.

मी सातारा जिल्ह्यातली. वाणिज्य शाखेची पदवी पुण्यात घेतली आणि तिथेच हिशेबाच्या कामाची नोकरी धरली. शिकत असताना जेवण खानावळीचे होते, त्यामुळे स्वयंपाकघर कसे चालते हे मी शिकले ते निकालाची वाट पाहतानाच्या उन्हाळ्यात, आई आणि काकूंच्या हाताखाली. आमच्याकडे त्या दिवसांत कांदा-लसूण मसाला होतो. मिरच्यांची देठे खुडून त्या कडकडीत वाळवायच्या, कांदा उभा चिरून उन्हात सुकवून मग तेलात तळायचा, सुके खोबरे, तीळ, धने आणि खडा मसाला वेगवेगळा भाजायचा आणि सगळे डंकावर कुटून आणायचे, अशी ही कामाची साखळी असते. खोबरे किती लाल झाले म्हणजे उतरवायचे, हे ऐकून कळत नाही. कढईपाशी उभे राहावेच लागते. नोकरीवरून थकून आलेल्या माणसाला हा मसाला म्हणजे मोठाच आधार आहे, कारण घरात कांदा, एखादे कडधान्य आणि चमचाभर मसाला असला की आमटी किंवा उसळ होतेच आणि बाहेरून जेवण मागवण्याची वेळ येत नाही.

त्याच उन्हाळ्यात कुरडयाही झाल्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून सत्त्व काढायचे आणि गुठळी न होऊ देता चीक हाटायचा, हे काम मी आवडीने केले. तरीही भाड्याच्या घरात कुरडयांचा घाट घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांना गच्ची लागते, कडक ऊन लागते आणि चार जणींचे हात लागतात. घरगुती जीवन म्हणजे आजीने केलेले सगळे आपणही करणे नव्हे. दोन-तीन गोष्टी निवडाव्यात, त्या पक्क्या शिकाव्यात आणि बाकीच्या एखाद्या बचत गटाकडून योग्य दाम देऊन घ्याव्यात.

घर घेताना करार नीट समजून घ्यावा. आपल्याकडे भाड्याची घरे बहुतेक करून अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर मिळतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. आपल्या दृष्टीने या अकरा महिन्यांचा अर्थ असा, की जे काही उभे करायचे ते उचलून नेता आले पाहिजे. गच्चीवरचा बायोगॅस किंवा सौर पाणीतापक भाडेकरूच्या हाती नसतो. बादली, कुकर आणि पंखा मात्र असतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा साधारण ३० वॅटच्या आसपास. मालकाची परवानगी घेऊन असा पंखा लावावा, जुना खोक्यात जपून ठेवावा आणि घर सोडताना पुन्हा जागेवर बसवून द्यावा. गॅसजोडणीसाठी पत्त्याचा पुरावा नसेल, तर इंडियन ऑइलचा पाच किलोचा ‘छोटू’ सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो. नव्या शहरात त्याने पुष्कळ सोय होते.

धान्य गावाकडून आणावे किंवा हंगामात घ्यावे, पण आपल्याला खरोखर लागेल तेवढेच. गव्हाला एरंडेल चोळताना दाण्यावर जेमतेम चकाकी यावी इतकेच घ्यायचे असते. डाळींना ऊन दाखवून त्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. कोमट भरल्या तर आत घाम धरतो.

आता ओल्या कचऱ्याविषयी, कारण नवख्यांना सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. आम्ही तिघी मैत्रिणी एका घरात राहतो आणि आमच्या सज्जात रंगाच्या दोन रिकाम्या वीस लिटरच्या बादल्या आहेत. बुडाला आणि बाजूंना भोके पाडून तळाशी नारळाच्या शेंड्या घातल्या, वर वाळक्या पानांचा थर दिला आणि विरजण म्हणून थोडे जुने शेणखत टाकले. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा बारीक करून घालायचा आणि दर वेळी त्याच्या किमान दुपटीने वाळका पाला वर पसरायचा, एवढाच नित्यनेम आहे. मूठभर मिश्रण आवळले की हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. उग्र वास येऊ लागला तर ओल जास्त झाली किंवा पाला कमी पडला असे समजून पाला घालावा आणि काठीने खालवर करावे. त्यात जाड, करड्या अळ्या दिसल्या तर घाबरून बादली फेकू नये; त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात. तेलकट उष्टे, दूध आणि मासळी मात्र सज्जातल्या बादलीत घालू नये. एक बादली भरली की ती दोन-तीन महिने बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची.

हे सगळे अडते ते पाल्यापाशी. पावसाळ्यात कोरडे पान मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच दोन पोती भरून ठेवावीत. रस्ता झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवले तर त्या आनंदाने देतात आणि तेवढा पाला जाळला जायचा वाचतो. तयार खतावर सज्जात कढीपत्ता, गवती चहा आणि पुदिना उत्तम येतो. घरची भाजी पिकवण्याचे स्वप्न तेवढ्या जागेत पाहू नये. फोडणीपुरते हिरवे मिळाले तरी पुष्कळ आहे. सुका कचरा पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारावरून नेतात. तो कोरडा आणि वेगळा देणे, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर खूण करणे, हा त्यांच्या श्रमांचा मान आहे.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गुंडी लावणे, धावदोरा आणि उसवलेली शिवण सांधणे एवढे आले तरी खरेदी निम्म्याने आटोक्यात येते, आणि जुन्या साड्यांची वाकळ शिवणाऱ्या बायका आमच्या भागात अजूनही आहेत.

नोकरी निवडताना वेतनाइतकेच महत्त्व कामाच्या वेळेला आणि घरापासूनच्या अंतराला द्यावे. वर लिहिलेले सारे काही हाताशी वेळ असला तरच होते; रोज तीन तास प्रवासात गेले तर उत्तम मसालाही डब्यातच राहतो. मुलाखतीत पाळ्यांविषयी, शनिवारच्या सुट्टीविषयी आणि कामावर डबा खाण्याच्या सोयीविषयी संकोच न बाळगता विचारावे. नोकरी बदलली तर भविष्य निर्वाह निधी काढून न घेता त्याच यूएएन क्रमांकावर (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या निधी खात्याच्या क्रमांकावर) पुढे वळवावा. ज्यांना हातकामातच व्यवसाय शोधायचा आहे, त्यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रम पाहून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही कामे तिथे प्रत्यक्ष करून शिकवतात. पदवीधरांना तिथे वेल्डिंग करताना कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. प्रवेशाचा विचार असेल तर आधी एखादा दिवस तिथल्या कार्यशाळेत घालवावा आणि शिकणाऱ्या मुलामुलींशीच बोलावे.