दगडाखालचा भुईकोळी कसा ओळखायचा

मुलांना टेकडीवर नेलं आणि एखादा दगड उलटवला की पहिला प्रश्न ठरलेला, "बाई, हा कुठला कोळी?" आणि सगळे बघत असतात त्याच्या रंगाकडे. रंग सोडा. काळपट, तपकिरी, उंदरासारखे करडे कोळी कितीतरी कुलांत सापडतात. भुईकोळी, म्हणजे शास्त्रात ज्याला नॅफोसिडी कुल म्हणतात तो, मागच्या टोकावरून ओळखायचा.

पण आधी हात सांभाळा. आपल्याकडे दगडाखाली लाल विंचू असतो, फुरसंही असतं. खुरप्याचं टोक पलीकडच्या कडेखाली घालून दगड आपल्याकडे उलटवा. खालून जे निघेल त्याच्या आणि तुमच्या मध्ये दगडाची आड राहते.

भुईकोळी जाळं लावून बसत नाही. बहुतेक जाती दिवसा रेशमाच्या पातळ पिशवीत दडून असतात आणि रात्री पायी शिकारीला निघतात. उजेड पडताच हा पळ काढतो, त्यामुळे रुंद तोंडाची काचेची बरणी झटकन पालथी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि दहापट भिंग काढा.

आता काचेतून उदराचं टोक बघा. तिथे रेशीम सोडणाऱ्या नळ्या असतात. पुढच्या दोन लांबट, नळकांडीसारख्या आणि मध्ये स्पष्ट फट, हे पाहायचं. क्लुबिओनिडी कुलातले कोळी दिसायला असेच, पण त्यांच्या नळ्या शंकूसारख्या नि एकमेकींना चिकटलेल्या. भुईकोळी या नळ्यांतून जाड, चिकट रेशीम सोडून सावजाचे पाय आणि तोंड जखडतो, म्हणूनच तो दुसऱ्या धिप्पाड कोळ्यालाही अंगावर घेऊ शकतो.

मग डोळे. आठ, दोन ओळींत. मागच्या ओळीतले मधले दोन बहुधा लंबगोल, तिरपे, चंदेरी असतात. लांडगाकोळ्याच्या तोंडावर दोन मोठे गोल डोळे समोर रोखलेले दिसतात, तिथे गोंधळ नको.

वहीत वरून खाली लिहा: संधिपाद संघ, अष्टपाद वर्ग, अरेनी गण, नॅफोसिडी कुल. या कुलात 2000 हून जास्त जाती आहेत. मागच्या दोन जोड्यांच्या पायांवर राठ केसांची फणी असेल तर झेलोटीस किंवा तिच्या जवळची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट). मुंगीसारखा दिसणारा, चकाकणारा आणि भर उन्हात धावणारा असेल तर मायकेरिया असू शकते. पुढे जाऊ नका. जात ठरवायला पूर्ण वाढ झालेल्या कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. सुरुवातीला मी फोटोवरून जातींची नावं लिहून टाकली होती, नंतर ती पानंच्या पानं खोडावी लागली.

दगड होता तसाच, त्याच खळग्यात बसवा. कोळी त्याच्या कडेला सोडा, तो आपला आत शिरतो. पिशवीत मादी अंड्यांच्या कोषाला बिलगून बसलेली दिसली, तर बरणी पालथी घालूच नका. दगड लगेच, अगदी हळू टेकवा.