कुंडीतली छत्री कोणाच्या घराण्यातली, ते घरीच कसं बघायचं

बडोद्यात दोन-चार दणदणीत पाऊस झाले की कमाटी बागेच्या लॉनवर आणि आमच्या गच्चीतल्या कुंड्यांत छत्र्या उगवायला लागतात. आपण कुत्र्याची छत्री म्हणतो, शेजारचे गुजराती बिलाडीनो टोप म्हणतात, म्हणजे कुत्रं की मांजर एवढाच काय तो वाद. यातल्या बऱ्याचशा अ‍ॅगॅरिकेसी फॅमिलीतल्या असतात, बाजारात मिळणारं बटण मशरूमपण त्याच घरातलं, आणि नेमकी इथेच गडबड होते कारण लोकांना वाटतं मग हेपण खाता येईल. नाही. आपण फक्त ओळखायचंय, खायचं नाही, एवढं आधी पक्कं करा.

छत्री वरून तोडू नका, खुरप्याने बुडासकट उकरून काढा. खाली मातीत पिशवीसारखी वाटी दिसली तर ही आपली फॅमिलीच नाही, तो अमानिटा नावाचा गट असू शकतो आणि जीव घेणाऱ्या बऱ्याच छत्र्या त्यात आहेत, वरून तोडलं तर ती वाटी मातीतच राहते आणि आपण फसतो. वाटी नसेल तर टोपी उलटी करा. गिल्स, म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या, दांड्याला न चिकटता थोड्या अलीकडेच थांबलेल्या आणि दांड्यावर कडं असेल, तर बहुतेक अ‍ॅगॅरिकेसी.

आता खरी मजा, स्पोअर प्रिंट, म्हणजे गिल्समधून गळणाऱ्या स्पोअर्सचा (छत्रीच्या बारीक बीजकणांचा) ठसा. दांडा कापायचा, टोपी गिल्स खाली करून कागदावर ठेवायची, वरून वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. मी पहिल्यांदा साधा पांढरा कागद घेतला, सकाळी काहीच नाही म्हणून फेकून दिला, नंतर डोक्यात आलं की स्पोअर्स पांढरे होते, पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार! तेव्हापासून मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण वापरते, खाली काळं पांढरं काहीही धरून बघता येतं. आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर सगळं उडून जातं.

चॉकलेटी ठसा आला तर अ‍ॅगॅरिकस, म्हणजे बटणवाल्याचा सख्खा भाऊ, पण भावांमध्येही विषारी आहेत. पांढरा आला तर लेपिओटा नाहीतर ल्युकोकोप्रिनस. मळकट हिरवा आला तर क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस, लॉनवर मोठी पांढरी टोपी, मध्ये तपकिरी खवले, कधीकधी गोल रिंगण करून उगवते. ही खाल्ली की दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. कोवळी असताना गिल्स पांढऱ्याच असतात म्हणून दिसायला अगदी गरीब.

टोपीच्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नका. कुंडीत उगवते ती पिवळीधमक ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी, तिचा ठसा पांढरा येतो. आईने ती तुळशीच्या कुंडीत बघितली आणि तुळस मरणार म्हणून सगळी मातीच बदलायला निघाली होती. गरज नव्हती, ही फॅमिली जास्त करून कुजलेलं पान, शेणखत, गवताचा कचरा खाऊन जगते, झाडाच्या मुळाला हात लावत नाही. अमेरिकेत तर पानं कापणाऱ्या मुंग्या वारुळात हिच्यातल्याच एका बुरशीची शेती करतात, पानं बुरशीला घालायची आणि बुरशी आपण खायची.

ठशाचा रंग बघून वर्गवारी करायची पद्धत जुनी आहे, स्वीडनच्या एलियास फ्रीसने १८२१ पासून ती पद्धतशीर वापरली. पण डीएनए बघायला लागल्यावर बरीच घरं फुटली. कोप्रिनस नावाखाली असलेल्या शाईसारख्या विरघळणाऱ्या बहुतेक छत्र्या २००१ मध्ये दुसऱ्या फॅमिलीत गेल्या, आणि गिल्सच नसलेले, दाबलं की फुस्सकन धूर सोडणारे पफबॉल अ‍ॅगॅरिकेसीचे नातेवाईक निघाले. त्यांचा ठसा घ्यायच्या भानगडीत पडू नका, मधोमध चिरून बघा, कोवळा असेल तर आत पनीरसारखा पांढरा दिसतो.

ठसा जमला की झाकणावर तारीख आणि छत्री कशावर उगवली होती ते लिहून ठेवा, शेणखत, लॉन, लाकूड, जे असेल ते. आणि पिवळीचा फोटो हवा असेल तर सकाळीच काढा, दुपारपर्यंत ती मान टाकते.