मशीन शॉपमधला अर्धवट माल आणि उत्पादनाचा काळ कसा कमी करावा

कुपवाड, मिरज किंवा सातारा येथील औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या मशीन शॉपमध्ये शिरले की दोन यंत्रांमधल्या वाटेवर क्रेटची रांग दिसते आणि मालक समाधानाने सांगतात, "काम भरपूर आहे." ती रांग म्हणजे काम नव्हे, ते फाउंड्रीला पैसे देऊन आणलेले, अर्धे कापून ठेवलेले लोखंड असते. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद टिकत असे. मशीनिंग झालेला, तेल न लावलेला बिडाचा पृष्ठभाग आषाढात आठ दिवसही टिकत नाही. पुढील पद्धत पंपाच्या कास्टिंगसारखे (ओतीव भागासारखे) ठरावीक भाग पुन्हा पुन्हा बनवणाऱ्या शॉपसाठी आहे. प्रत्येक नग वेगळा असणाऱ्या टूलरूमला (साचे-हत्यारे बनवणाऱ्या शॉपला) ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

मोजणी. एका रात्री दुसरी शिफ्ट सुटल्यावर शॉपमधला प्रत्येक नग मोजावा. रिवर्कच्या (पुन्हा दुरुस्त करायच्या मालाच्या) कोपऱ्यातला, तपासणीत अडकलेला आणि जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करवून घ्यायला, बाहेर गेलेला मालही त्यात धरावा. या आकड्याला रोज सरासरी किती नग डिस्पॅच होतात त्याने भागावे. समजा, २,४०० नग निघाले आणि रोज १०० जातात. तर आज आत आलेले कास्टिंग बाहेर पडायला सरासरी २४ दिवस लागणार. हा माझा अंदाज नव्हे. जॉन लिटल यांनी हा नियम १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. माल निम्मा करा आणि डिस्पॅचचा वेग तोच राखा, की दिवसही निम्मे होतात. यासाठी नवे यंत्र किंवा सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

सर्वांत संथ यंत्र. ते बहुधा मालकांसह सर्वांना ठाऊक असते. तरी घड्याळ लावून खात्री करावी.

लहान क्रेट. २०० नगांचा लॉट आहे आणि लेथला ६, व्हीएमसीला (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग यंत्राला) ९ व ड्रिलिंग-टॅपिंगला ४ मिनिटे प्रतिनग लागतात असे समजू; म्हणजे येथे व्हीएमसी सर्वांत संथ. पूर्ण लॉट झाल्यावरच तो पुढे ढकलला, तर ३,८०० मिनिटे, म्हणजे त्रेसष्ट तासांहून अधिक वेळ जातो. तोच लॉट वीस-वीस नगांच्या क्रेटने पुढे सरकवला, तर पहिला क्रेट १२० मिनिटांत व्हीएमसीवर येतो, व्हीएमसी सलग १,८०० मिनिटे चालते आणि शेवटचा क्रेट ८० मिनिटांत संपतो. एकूण २,००० मिनिटे लागतात. यात सेटिंग, म्हणजे नव्या भागासाठी यंत्राची मांडणी, एकदाही अधिक करावे लागत नाही, कारण लॉट तोच आहे. फक्त तो तुकड्यांनी चालतो. "लॉट लहान केला तर सेटिंग वाढेल" हा आक्षेप येथे गैरलागू आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी ऐकावा लागतो.

पत्र्याचे तुकडे. आता खरे अवघड काम. मी यात एकदा तोंडघशी पडलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शॉपमध्ये एका वेळी किती क्रेट असू शकतील ते ठरवावे आणि तेवढेच क्रमांक घातलेले पत्र्याचे तुकडे कापून घ्यावेत. प्रत्येक क्रेटला एक पत्रा अडकवावा. अंतिम तपासणीतून क्रेट बाहेर पडला की पत्रा कास्टिंगच्या स्टोअरमध्ये परत जातो आणि तो मिळाल्यावरच स्टोअरकीपर पुढचा क्रेट देतो. पत्रा नाही तर कास्टिंग नाही. नियम एवढाच आहे. दुसरीतल्या मुलालाही समजेल, पण पाळणे कठीण जाते.

याचे कारण असे की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली लेथ रिकामी उभी राहते. ऑपरेटर येऊन म्हणतो, "साहेब, मशीन हुबं हाय की." सुपरवायझरच्या अहवालात त्या यंत्राचा वापर घसरलेला दिसतो, मालक केबिनच्या काचेतून पाहतात आणि कोणीतरी "आजच्यापुरते" चार क्रेट पत्र्याविना सोडतो. येथेच पद्धत मोडते. लेथने सहा मिनिटांत नग काढला तरी व्हीएमसी नऊ मिनिटांनीच एक सोडणार. म्हणून लेथ दर नऊ मिनिटांत तीन मिनिटे रिकामी राहणे हे तिचे योग्य वागणे आहे. तिला सतत चालवल्यास डिस्पॅच एका नगानेही वाढत नाही, केवळ रांग वाढते. त्या वेळात ऑपरेटरने बरर (कापलेल्या कडेवरची धारदार कोर) काढावी, गेज तपासावे किंवा व्हीएमसीच्या पुढच्या सेटिंगचे फिक्श्चर (नग पकडायचे साधन) मांडून ठेवावे. आणि नगांवर इन्सेन्टिव्ह देत असाल तर तो प्रत्येक यंत्रावर मोजणे आधी थांबवा; डिस्पॅचवर मोजा. अन्यथा तुम्ही एका हाताने माल अडवाल आणि दुसऱ्या हाताने तो वाढवण्याचे पैसे द्याल.

माझी चूक मात्र वेगळी होती. उत्साहाच्या भरात मी १२० क्रेटचे एकदम २५ करायचे ठरवले आणि कास्टिंग सोडणे पूर्ण बंद केले. आकडा झपाट्याने उतरला. पण उरलेल्या मालात रिवर्कचे आणि प्लेटिंगला गेलेले क्रेटच अधिक होते. व्हीएमसीपुढे काही उरले नाही, ती एक संपूर्ण शिफ्ट बंद राहिली, ग्राहकाची गाडी अर्धी भरून गेली आणि दुसऱ्या दिवशी पत्र्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर परत आला. पुन्हा परवानगी मिळवायला वर्ष गेले.

म्हणून माझा आग्रह असा: आज जितके क्रेट आहेत तितक्याच पत्र्यांनी सुरुवात करावी आणि दर आठवड्याला चार-पाच पत्रे काढून घ्यावेत. व्हीएमसीपुढे तीन क्रेट, म्हणजे साठ नग, म्हणजे नऊ तासांचे काम, नेहमी असावे. तेथे कंजूषी करू नये. रिवर्कला गेलेल्या आणि जॉबवर्कला बाहेर पाठवलेल्या क्रेटचा पत्रा अडकलेलाच राहतो. ही अट जाचक वाटते, पण त्यामुळेच रिवर्कचा कोपरा पहिल्यांदा कोणीतरी रिकामा करतो.

अर्जंट कामांसाठी एकच लाल पत्रा ठेवावा. गळीत हंगामाच्या तोंडावर साखर कारखान्यांचे सुटे भाग मागणारे फोन सुरू झाले की सगळेच अर्जंट असते. लाल पत्रा एक असला की कोणाला थांबवायचे हे मालकांना स्वतः ठरवावे लागते. तसेच, दिवाळीत फाउंड्री बंद राहणार म्हणून कास्टिंग भरून ठेवायचे असल्यास ते स्टोअरमध्ये भरावे, शॉपमध्ये नव्हे.

सेटिंगचा वेळ. तो पत्र्यांनंतर कमी करावा, आणि तोही फक्त संथ यंत्रावर. लेथचे सेटिंग अर्ध्या तासाने कमी केल्याचा फलक मी पाहिला आहे; ती लेथ आधीच दिवसातून पाच तास रिकामी होती.

पत्रे कमी करणे कोठे थांबवावे, हे व्हीएमसी सांगते. आठवड्यात दोनदा ती मालासाठी थांबली आणि थांबण्याचे कारण बिघाड किंवा गैरहजेरी नसेल, तर शेवटचे काढलेले पत्रे परत द्यावेत आणि रात्री पुन्हा मोजणी करावी.