गिअरचा शिफ्टर बदलताय? या चुका टाळा

पन्हाळ्याच्या चढाला खटका दाबला आणि गिअर पडलाच नाही, की पहिला संशय शिफ्टरवर, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यावर जातो. पंधरा-वीस वर्षं जुन्या सायकलीत बऱ्याचदा त्याचा काहीच दोष नसतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा. मागच्या डेरेलरवरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावरचा बोल्ट सैल करून वायर सोडवा, तिचं टोक पक्कडीत धरून हलका ताण द्या आणि दुसऱ्या हाताने खटके दाबा. प्रत्येक खटक्याला वायर ठरावीक अंतर सरकून थांबली, तर शिफ्टर ठणठणीत आहे, अडकलंय ते बहुधा आउटरमध्ये, म्हणजे वायरवरच्या बाहेरच्या नळीत. पावसाळ्यात लाल चिखल सगळ्यात आधी डेरेलरजवळच्या शेवटच्या वळणात शिरतो आणि वायर तिथेच गंजते.

खटका दाबला जातो पण धरत नाही, हा प्रकार वेगळा. आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं असतं आणि त्यात खटका धरून ठेवणारी खिटी चिकटून बसते. वरचं झाकण काढा, आत थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडा आणि चाळीस-पन्नास वेळा खटके मारा. खिटी सुटली की मशीन ऑइलचे दोन थेंब पुरतात. अख्खा शिफ्टर मात्र खोलू नका. आतली स्प्रिंग उडाली की ती परत बसवणं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कसलेल्या फिटरलाही जड जाईल. दाते झिजले किंवा प्लास्टिक तडकलं असेल, तरच नवीन घ्या.

घेताना होणारी मोठी चूक म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या न मोजणं. सात चकत्यांमध्ये एकीपासून दुसरीचं अंतर साधारण ५ मिमी असतं, आठमध्ये ४.८. फरक ०.२ मिमीचाच, पण सहा खटक्यांत तो १.२ मिमी होतो आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुरकुरत राहते. डेरेलरचीही जात बघा. शिमानो कंपनीच्या नेहमीच्या डेरेलरला स्रॅम कंपनीचा ‘१:१’ पद्धतीचा शिफ्टर चालत नाही, कारण एका खटक्याला ओढली जाणारी वायर कमी-जास्त असते. पाच-सहा चकत्यांच्या जुन्या सायकलीला आमची पसंती बिनखटक्याच्या फ्रिक्शन थंब शिफ्टरला. गिअर अंदाजाने लावावा लागतो, पण जोडी जुळवायची कटकट नाही. सरळ हँडलची जाडी २२.२ मिमी, वाकड्या रेसिंग हँडलची २३.८. एकाचा क्लॅम्प दुसऱ्यावर ठोकून बसवू नका.

शिफ्टर नवा आणि आउटर जुनाच ठेवला, तर पैसे वाया. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचा ५ मिमीचा आउटर गिअरला लावणं. त्यातली पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ताण आला की ती दबते आणि खटका हुकतो. गिअरला ४ मिमीचा, उभ्या तारांचा आउटर आणि १.२ मिमीची वायर लागते. उलट, गिअरचा आउटर ब्रेकला कधीच लावू नका, जोरात ब्रेक दाबला की तो फाटू शकतो. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतली नळी टोच्याने मोकळी करा आणि दोन्ही टोकांना टोपी घाला.

वायर आवळताना शिफ्टर पूर्ण मोकळ्या स्थितीत आणि चेन सर्वांत लहान चकतीवर हवी. बॅरल, म्हणजे वायरचा ताण कमी-जास्त करायची फिरकी, पूर्ण आत फिरवून एक-दोन आटे बाहेर ठेवा. वायर बोल्टजवळच्या खाचेतच बसली पाहिजे. खाच सोडून दुसऱ्या बाजूने गेली, तर बाकी सगळं बरोबर असूनही खटके जुळत नाहीत.

आता गिअर नीट पडत नाही म्हणून डेरेलरवरचे एच आणि एल स्क्रू पिळत बसू नका. ते फक्त दोन टोकांच्या हद्दी ठरवतात, एच लहान चकतीकडची आणि एल मोठ्या चकतीकडची. चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कूं करत असेल, तर बॅरल पाव आटा बाहेर काढा. लहान चकतीवर उतरायला अडत असेल, तर पाव आटा आत. एल स्क्रू सैल राहिला, तर ऐन चढाला चेन आऱ्यांत जाते, म्हणून मागचं चाक उचलून हाताने पेडल फिरवत तो आधी घरीच बघा. आठवडाभर चालवल्यावर नवे आउटर बसतात आणि वायर थोडी सैल पडते. तेव्हा बॅरल पाव-अर्धा आटा बाहेर काढला, की काम झालं.