धंद्याच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताय? आधी या चुका टाळा

विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय, "ऑफिसच्या मशिनांवर कुठला लिनक्स टाकू?" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, तिचे बरेच प्रकार मिळतात.) आणि खरं सांगायचं तर पहिली चूक हा प्रश्नच आहे, कारण कुठला टाकायचा हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक मशीनवर सकाळी चालू केल्यापासून संध्याकाळी बंद करेपर्यंत काय काय उघडलं जातं ते दोनतीन दिवस लिहून काढा. महिन्यातून एकदाच लागणाऱ्या गोष्टीही लिहा, त्याच नंतर नडतात.

मी स्वतः यात आपटलोय. एका ओळखीच्या ऑफिसात चार मशिनं होती, दीड दिवसात सगळ्यांवर नवीन सिस्टिम टाकली, मेल चालू, ब्राउझर चालू, फाइली उघडतायत, मी खूश. मग महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्या ताईंनी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावलं आणि म्हणाल्या, अहो हे दिसतच नाहीये. लिनक्सचा ड्रायव्हर शोधून टाकला, टोकन सिस्टिमला दिसायला लागलं पण ब्राउझरला काही दिसेना, अर्धा दिवस माझा त्यात गेला, ताई शेजारी घड्याळाकडे बघत बसलेल्या. शेवटी कळलं की ब्राउझर सँडबॉक्सवाल्या (बाकी सिस्टिमपासून वेगळं कोंडून ठेवणाऱ्या) पॅकेजमधला होता, म्हणजे त्याला सिस्टिममधल्या ड्रायव्हरपर्यंत हातच घालता येत नव्हता. तोच ब्राउझर साध्या पॅकेजमधून टाकला आणि पाच मिनिटात सही झाली. हे लक्षात ठेवा, कारण उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स डिफॉल्टला स्नॅपमध्येच येतो आणि स्नॅप, फ्लॅटपॅक या दोन्ही प्रकारची पॅकेजं अशीच कुंपणातली असतात.

कागदावर जर असं एखादं अकाउंटिंग सॉफ्टवेअर निघालं जे फक्त विंडोजवरच चालतं, तर "वाइनवर (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवायची सोय) चालवून घेऊ" असं स्वतःला सांगू नका. वाइनवर आज चाललेलं त्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या अपडेटला बंद पडू शकतं आणि मग दाद मागायला कोणी नाही. एक मशीन विंडोजवरच राहू द्या की, काही बिघडत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आतच सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर) विंडोज टाकायचं म्हटलं तरी त्याचं लायसन्स लागतंच, हे बरेचजण विसरतात.

आता डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार. लोक स्क्रीनशॉट बघून निवडतात, वॉलपेपर भारी, आयकॉन भारी. धंद्यासाठी बघायची ती एकच गोष्ट, सपोर्ट कधीपर्यंत आहे. उबुंटूची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात, पण मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने, आणि डाउनलोडच्या पानावर दोन्ही शेजारी शेजारी असतात म्हणून "नवीन ती चांगली" म्हणत लोक बरोब्बर चुकीची उचलतात. फेडोराची एक आवृत्ती साधारण १३ महिने टिकते. डेबियनला ३ वर्षं पूर्ण सपोर्ट आणि वर २ वर्षं एलटीएसची. मिंट उबुंटू एलटीएसवरच बांधलेलं आहे, विंडोजवरून येणाऱ्या माणसाला त्याचा मेनू पटकन कळतो, म्हणून टेबलावरच्या मशीनला मी बहुतेक वेळा तेच टाकतो. आर्चसारखं रोलिंग (ठरावीक आवृत्त्या नसलेलं, सतत बदलत राहणारं) घरी हौसेने वापरा, बिलिंगच्या मशीनवर नको.

आणि तारीख छापलेली असली तरी ती दगडावरची रेघ नसते. सेंटओएस ८ या डिस्ट्रोला २०२९ पर्यंत सपोर्ट म्हणून लोकांनी सर्व्हरवर टाकलं, डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. सगळ्यांची धावपळ झाली, त्यातूनच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. म्हणून आपला डेटा आणि सेटिंग अशी ठेवा की उद्या दुसरीकडे हलायचं झालं तर घाम फुटू नये.

प्रिंटर. यावर जरा थांबतो, कारण ऑफिसात लिनक्सला शिव्या पडतात त्या निम्म्या प्रिंटरमुळेच. गेल्या काही वर्षांतले नेटवर्कवाले प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हरशिवायच चालतात, लिनक्समधली कप्स ही प्रिंटिंगची यंत्रणा त्यांना आपोआप शोधते. अडकतात ते जुने यूएसबी लेझर आणि बिलाचे थर्मल प्रिंटर, त्यांना कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे का हे आधीच बघायचं. दुसरं म्हणजे ऑल-इन-वनमध्ये प्रिंट निघाली म्हणजे स्कॅनिंगही चालेल असं धरू नका, ते वेगळं खातं आहे, वेगळं तपासा.

आणि एक हमखास येणारा बिघाड, जुनं मल्टिफंक्शन मशीन स्कॅन करून थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकत असतं, नवीन लिनक्स सर्व्हर लावला की ते म्हणतं लॉगिन एरर. तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदलता, युजर नवीन काढता, काही उपयोग नाही कारण पासवर्डचा संबंधच नसतो. ते मशीन एसएमबी १ हा नेटवर्कवर फाइली पाठवायचा जुना प्रोटोकॉल बोलत असतं आणि सांबाने (लिनक्स सर्व्हरवरची फोल्डर नेटवर्कवर उघडी करणारं सॉफ्टवेअर) २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून तो डिफॉल्टला बंद केलाय. सेटिंगमध्ये तो परत चालू करता येतो, इंटरनेटवर पहिला उपाय तोच सापडतो, पण करू नका, २०१७ मध्ये फाइली अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस याच प्रोटोकॉलच्या विंडोजमधल्या भोकातून पसरला होता. मशीनचं फर्मवेअर अपडेट करून बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर पाठवायला लावा.

वर्डच्या फाइलींचं दुखणं वेगळं. एका पानाचं कोटेशन लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवर चालणारं फुकट ऑफिस सॉफ्टवेअर) उघडलं की "आपला विश्वासू" आणि सही दुसऱ्या पानावर एकटी जाऊन बसते, मग सगळे म्हणतात लिब्रेऑफिस बेकार. बऱ्याचदा दोष फॉन्टचा असतो, फाइल कॅलिब्रीत आहे आणि तो फॉन्ट मशीनवर नाही. कार्लिटो आणि कॅलाडिया हे फॉन्ट टाका, अक्षरांची रुंदी कॅलिब्री आणि कँब्रियाइतकीच आहे, ओळी परत जागेवर येतात. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा. एक्सेलचे मॅक्रो मात्र काही चालतात, काही नाही, प्रत्येक शीट उघडून बघण्याला पर्याय नाही.

"दोन्ही ठेवू, विंडोज पण आणि लिनक्स पण" ही ड्युअल बूटची कल्पना कागदावर बरी वाटते. प्रत्यक्षात बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की आधी काढून ठेवली नसेल तर विंडोज ती मागून अडून बसू शकतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर लिनक्समध्ये तीच डिस्क नुसती वाचता येते, सेव्ह होत नाही, नाहीतर उघडतच नाही. घड्याळही काही तास पुढेमागे होतं कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि बिलावर चुकीची वेळ छापली गेली की कळतं. त्यापेक्षा एक जास्तीचं मशीन घ्या, लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) वायफाय, दुसरा मॉनिटर, स्लीपमधून जागं होणं, सगळं तपासा, मग इन्स्टॉल करा.

इन्स्टॉल झाल्यावरचे दोन घोळ. एक, अपडेट करताना जागा नाही म्हणून एरर येते आणि डिस्क तर जवळपास रिकामी दिसते. बूटचं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) जुन्या कर्नलांनी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या आधीच्या आवृत्त्यांनी, भरलेलं असतं, जुने काढा पण चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक ठेवा. दुसरा घोळ म्हणजे अपडेटनंतर काळी स्क्रीन, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर जास्तच. घाबरून फॉरमॅट मारू नका, चालू होताना ग्रब या सुरुवातीच्या मेनूच्या अॅडव्हान्स्ड पर्यायातून आधीचा कर्नल निवडा, बहुतेक वेळा मशीन उठतं. म्हणूनच तो एक ठेवायला सांगितला.

बॅकअपबद्दल एकच सांगतो. टाइमशिफ्ट (सिस्टिम आधीच्या स्थितीला परत नेणारं टूल) चालू आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, ते डिफॉल्टला सिस्टिमच्या फाइली घेतं, तुमच्या होम फोल्डरमधली बिलं नाही. डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एखादी फाइल अधूनमधून परत काढून उघडून बघा.

मशिनं एकेक करून हलवा, पत्रव्यवहाराचं आधी, बिलिंगचं सगळ्यात शेवटी. आणि ते हलवताना त्याची जुनी डिस्क पुसू नका, नवीन डिस्क लावा, जुनीवर तारीख लिहून चिकटवा आणि निदान एक पूर्ण हिशेबाचा महिना निघेपर्यंत कपाटात राहू द्या.