फान ख्वानच्या धाटणीचा महापर्वत शाईने कसा रंगवावा

चिनी चित्रकार फान ख्वानचं ‘डोंगर-ओढ्यांतले प्रवासी’ हे सुमारे इ.स. १००० मधलं, चीनच्या उत्तर सोंग राजवटीच्या काळातलं रेशमावरचं चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. उंची २०६ सेंमी, रुंदी १०३. त्यातला डोंगर अंगावर येतो तो पायथ्याशी सोडलेल्या कोऱ्या धुक्यामुळे आणि खालच्या वाटेवरच्या इवल्याशा खेचरांमुळे. या दोन जागा साधल्या तर बाकी चित्रातल्या चुका खपून जातात.

कागद: ६९×१३८ सेंमी ‘श्वान’ (शाईच्या चित्रांसाठीचा चिनी कागद) घेऊन त्याचे चार सारखे भाग करा. ३४.५×६९ चा तुकडा मिळतो, म्हणजे मूळ चित्राचंच १:२ प्रमाण. कागद तुरटी-सरस लावलेला घ्या. ते न लावलेल्या कच्च्या कागदावर शाई फुटते. खाली जुनं ब्लँकेट अंथरा.

शाई: दगडी पाटीवर चमचाभर पाण्यात शाईची कांडी उभी धरून, जोर न लावता १०-१५ मिनिटं गोल घासा. तीन वाट्यांत गडद, मध्यम आणि फिकी शाई करून ठेवा. कालची उरलेली वापरू नका, थरात काजळीचे कण दिसतात.

मांडणी: कोळशाने हलक्या खुणा करा. तळाचे १० सेंमी खडक आणि वाट, वर ७ सेंमी झाडीच्या टेकड्या, ५ सेंमी धुकं आणि तिथून थेट शिखर. माथ्यावर आकाश जेमतेम ३ सेंमी. आकाश वाढवलंत की डोंगर बुटका होतो.

कडेच्या रेषा मध्यम शाईने, जाड-बारीक होत जाणाऱ्या. शिखराच्या उजव्या घळीत धबधब्यासाठी बारीक पट्टी कोरी सोडा. ती नंतर पांढऱ्या रंगाने काढली तर चिकटवल्यासारखी दिसते.

खरं काम पुढे आहे. खडकाचा पोत आणणाऱ्या फटकाऱ्यांना ‘त्सुन’ म्हणतात. फान ख्वानचे पावसाच्या थेंबांसारखे. ताठ केसांचा कुंचला शाईत बुडवून फडक्यावर टिपा आणि ३ ते ५ मिमीचे ठोके द्या. घळीत दाट, पुढे आलेल्या पैलूवर विरळ. आधी फिक्या शाईने, वाळल्यावर मध्यम, शेवटी मोजक्या जागी गडद. ठोक्यांची दिशा कड्याच्या उतारासोबत वळायला हवी. सगळे एकाच दिशेने पडले की कडा सपाट भिंत होतो.

मग मऊ कुंचल्याने फिक्या शाईचे चार-पाच पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. एकाच गडद थरात उरकलंत तर त्सुन बुडतो. धुक्यापाशी मात्र घाई लागते: डोंगराच्या पायथ्याचा २ सेंमी कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करा आणि शाई त्यात विरू द्या. कोरड्या कागदावर थराची कड वाळून कडक रेघ उमटते, ती पुसता येत नाही.

माथ्यावरची झुडपं गडद ठिपक्यांनी भरा. खेचरं ८ मिमीपेक्षा मोठी नकोत. आधी रद्दी तुकड्यावर हात बसवा.

सही आकाशात करू नका. फान ख्वानची सही खेचरांमागच्या पानांत दडलेली होती, ती १९५८ मध्ये सापडली. तुमचीही तिथेच, मध्यम शाईत.