गळती शोधायचे पैसे किती घ्यायचे? थर्मल कॅमेऱ्याच्या कामातला माझा हिशोब

सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत तीन वर्षं ओलं होतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करून झालं होतं आणि तिसऱ्या वेळेचं सहा लाखांचं कोटेशन कमिटीच्या टेबलावर होतं. मी संध्याकाळी थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमानाचं चित्र दाखवणारा कॅमेरा घेऊन गेले तेव्हा त्यात डाग थंड दिसला. ओल सुकताना पृष्ठभाग गार होतो, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. निघताना घरातल्या आजी म्हणाल्या, "सकाळी आंघोळींच्या वेळी हा जास्त गडद होतो बघ." म्हणून दुसऱ्या दिवशी पावणेसातला पुन्हा गेले. सव्वासातच्या सुमारास डागाच्या कोपऱ्यात बोटभर रुंदीची पट्टी उमटू लागली, आणि ती गार नव्हती, कोमट होती. सोलर हीटरची गरम पाण्याची लाइन स्लॅबमधून खाली उतरते तिथल्या स्लीव्हमध्ये (पाइपासाठी स्लॅबमध्ये बसवलेल्या नळीत) एक जोड गळत होता. पावसाचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. प्लंबरचं बिल नऊ हजार झालं.

दोन फेऱ्या, अहवाल आणि कमिटीपुढे समजावून सांगणं, या सगळ्याचे मी दीड हजार रुपये घेतले होते. त्या रात्री वही काढून हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं, असं चाललं तर वर्षभरात कॅमेरा विकावा लागेल. या कामात नव्याने येणारे बरेच जण आजही त्याच दीड-दोन हजारांवर सुरुवात करतात आणि दोन पावसाळ्यांत थांबतात. लोकांना या कामाची खरोखर गरज आहे, म्हणून ते थांबू नयेत असं मला वाटतं.

आपण नेमकं काय विकतो

गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "एका फोटोचे किती?" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. फोटो आता मोबाइलला जोडायच्या छोट्या कॅमेऱ्यानेही निघतो. सोसायटीला हवा असतो एक निर्णय: कुठे फोडायचं, कुठे फोडायचं नाही, आणि खर्च कोणी करायचा. शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीची गळती आणि तिने खराब झालेलं वरच्या फ्लॅटचं छत यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. पाणी कुठून येतंय हे ठरलं की दोन घरांमधलं वर्षानुवर्षांचं भांडण मिटतं. तुमच्या दराच्या मागे हे उभं आहे.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही आधीच सांगा. कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, पृष्ठभागाचं तापमान बघतो. दिवसभर ऊन खाल्लेली गच्ची मावळतीनंतर निवायला लागते. ज्या जागी कोब्यात (स्लॅबवरच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात) पाणी मुरलंय ती जागा उष्णता धरून ठेवते आणि उशिरापर्यंत गरम दिसते. पण तशीच गरम जागा नुसत्या सावलीच्या फरकानेही दिसते. म्हणून मी दुपारी चारला एकदा गच्चीवर जाते आणि टाकीची, कठड्याची, सोलरच्या टाक्यांची सावली कुठे पडते त्याचे साधे फोटो काढून ठेवते. संध्याकाळचं चित्र त्यांच्याशी ताडून बघते. चायना मोझेकची गच्ची असेल तर आणखी जपावं लागतं. चकचकीत तुकड्यांत रात्रीचं थंड आकाश परावर्तित होतं आणि कोरडी गच्ची ठिकठिकाणी गार असल्यासारखी दिसते. तिरक्या कोनातून बघू नका, जमेल तितकं सरळ वरून बघा. आणि संशयित जागेवर ओलावा-मापक टेकवल्याशिवाय अहवालात 'ओल आहे' असं लिहू नका. मीटरने दुजोरा दिला नाही तर 'तापमानात फरक आहे, कारण निश्चित नाही' असंच लिहायचं.

कॅमेरा ३२० बाय २४० चा घ्या. म्हणजे एका चित्रात ७६,८०० ठिकाणचं तापमान मिळतं. १६० बाय १२० मध्ये ते १९,२०० वर येतं, आणि खोलीच्या छताला ते पुरलं तरी उभ्या उंचीवरून गच्ची बघायला अपुरं पडतं. थर्मोग्राफीचं, म्हणजे थर्मल चित्रं काढण्याचं आणि वाचण्याचं, लेव्हल वनचं (पहिल्या पातळीचं) प्रशिक्षण जमेल तितक्या लवकर करा. अहवालावर सही करताना त्याचा आधार लागतो.

वहीतला हिशोब

माझे आकडे देते. ते जसेच्या तसे उचलू नका, तुमचे घाला.

कॅमेरा मला ३,२०,००० ला पडला. चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ८०,०००. कॅलिब्रेशन (कॅमेरा तापमान बरोबर दाखवतो का याची तपासणी) आणि विमा २५,०००, ओलावा-मापक, बॅटऱ्या, शिडी वगैरे १०,०००. एकूण १,१५,०००. आता वर्षात कामं किती? इथे लोक चुकतात, ३६५ दिवस डोळ्यांसमोर ठेवून भागाकार करतात. गच्ची बघायला स्वच्छ उन्हाचा दिवस, कोरडा पृष्ठभाग आणि कमी वारा लागतो. पावसाळ्यात फक्त आतून छतं बघता येतात. माझी वर्षाला ९० कामं होतात. म्हणजे एका कामावर अवजारांचा बोजा साधारण १,३०० रुपये. मदतनीस ७००, पेट्रोल ४००. हे झाले २,४००, आणि यात माझा एक तासही धरलेला नाही.

आता तास मोजा. फोनवर माहिती घेणं आणि जुने नकाशे बघणं एक तास, दुपारची आणि संध्याकाळची मिळून जागेवर चार तास, अहवालाला पाच तास, कमिटीसमोर दीड तास. साडेअकरा तास. तासाला ६०० धरले तर ६,९००. बेरीज ९,३००. शिवाय तीन-चार ठिकाणी कोटेशन द्यावं तेव्हा एक काम पक्कं होतं. बाकीच्या फेऱ्यांचा खर्च कुठून तरी निघायला हवा, म्हणून पंधरा टक्के वर. असा माझा एका इमारतीचा दर ११,००० झाला. त्यात एक गच्ची आणि खालचे चार फ्लॅट येतात. पुढच्या प्रत्येक फ्लॅटला १,२००. त्याच संध्याकाळी शेजारची विंग केली तर ६,०००, कारण जाण्यायेण्याचा आणि तयारीचा वेळ वाचतो. एकट्या फ्लॅटवाल्याचं काम असेल तर ४,५००, दोन तासांत लिहून होईल इतक्या छोट्या अहवालासह.

स्क्वेअर फुटाचा दर मात्र कधीच सांगू नका. कमिटी हमखास विचारते, कारण वॉटरप्रूफिंगचे दर त्यांनी तसेच ऐकलेले असतात. दोन हजार फुटांची गच्ची आणि सहा हजार फुटांची गच्ची यांत मला जागेवर पाऊण तासाचा फरक पडतो, अहवालाचं काम जवळपास तेवढंच राहतं. आणि एकदा फुटाचा आकडा तोंडातून गेला की तुम्ही वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या तक्त्यातली एक ओळ होता, आणि तिथे सगळ्यात स्वस्ताला काम जातं. मी म्हणते, "काका, डॉक्टर वजनावर फी घेत नाहीत." एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं.

आणखी एक गोष्ट दर ठरवताना बघा. सर्वसाधारण सभेची मंजुरी न घेता कमिटीला दुरुस्तीवर किती खर्च करता येतो याला उपविधींत सभासदसंख्येप्रमाणे मर्यादा आहे. तुमचं काम त्या मर्यादेच्या बरंच आत बसलं तर आठवड्यात होकार मिळतो. मोठ्या सोसायटीत सगळ्या विंग एकदम करायचा आग्रह धरू नका. ज्या विंगची तक्रार आहे ती आधी करा.

कोटेशनवर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: ढगाळ हवा किंवा पाऊस असेल तर तारीख बदलेल, त्याचे जादा पैसे नाहीत, कोणकोणते फ्लॅट उघडे मिळाले पाहिजेत, निम्मी रक्कम तारीख ठरवताना, उरलेली अहवाल समजावून दिला त्या दिवशी, आणि दुरुस्तीनंतरची फेरतपासणी ४,०००. निम्म्या रकमेबाबत ढिलाई करू नका. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, आणि खजिनदार महिनाभर मुलीकडे बंगळूरला गेले तर तुमचे पैसे तेवढे दिवस अडकतात. सुरुवातीला एका सोसायटीने माझा अहवाल व्हॉट्सॲपवर मागवून घेतला, त्यावरून काम करून घेतलं आणि माझं बिल अजून दिलेलं नाही. तेव्हापासून अहवाल मी छापील प्रतीत, बैठकीतच देते.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. त्याआधी नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही.

कामं कुठून येतात

त्रास होतो वरच्या मजल्यावरच्या माणसाला आणि पैसे देते कमिटी. फोन बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरून येतो. त्यांना मी सांगते, "तुम्ही माझ्यासाठी भांडू नका. सेक्रेटरींना माझा नंबर द्या आणि एका जुन्या अहवालाची प्रत द्या." त्या प्रतीतून सोसायटीचं नाव, फ्लॅटचे नंबर सगळं काढलेलं असतं. चार पानांचा तो नमुना मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामं देऊन गेला. पहिल्या पानावर चित्र नाही. 'कुठे फोडा, कुठे फोडू नका' एवढंच आहे.

सोसायट्यांचे हिशोब लिहिणारे लोक शोधा. एकेकाकडे तीस-चाळीस सोसायट्यांची वही असते, आणि कोणत्या सोसायटीचा वॉटरप्रूफिंगवर दरवर्षी खर्च होतोय हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मी अशा पाच जणांच्या ऑफिसात जाऊन बसले. तीन जणांनी पहिल्याच पावसाळ्यात फोन केले.

दुसरे, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी करणारे इंजिनिअर. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. या मंडळींकडे काँक्रीट तपासायचा रिबाउंड हॅमर असतो, अल्ट्रासॉनिकचं यंत्र असतं, थर्मल कॅमेरा क्वचित असतो. त्यांच्यासाठी मी ८,००० ला काम करते, कारण कमिटीची बैठक ते घेतात आणि माझे तास वाचतात. दर कमी केला तर त्यामागे असं काहीतरी कमी झालेलं दिसलं पाहिजे.

तिसरे, सोलर पॅनेल बसवणारे. घरावर सोलर बसवायला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून गच्च्यांवर सांगाडे उभे राहतायत. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार आणि खालचा कोबा आजच मुरलेला असेल, तर पुढे सगळं उतरवून वॉटरप्रूफिंग करावं लागतं. बसवणाऱ्याला हे पटतं, कारण नंतर गळालं तर बोट त्याच्याकडे जातं.

ड्रोनमागे लगेच धावू नका. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने पुण्यात उड्डाणाच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि सहा मजली इमारतीची गच्ची बघायला गच्चीवरच लावलेली शिडी पुरते. पत्र्याच्या शेडची गळतीही या कॅमेऱ्याने नीट सापडत नाही. चाकणहून असे फोन येतात, मी नाही म्हणते. उलट नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहांत हा कॅमेरा फार चांगला चालतो. पफ पॅनेलचा (थंडावा टिकवणाऱ्या फोमच्या भिंतींचा) जोड उघडा असला की गरम रेघ ठळक दिसते. तिथलं काम हंगामाच्या आधी, डिसेंबरातच मागायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराकडून कमिशन घेऊ नका, आणि स्वतः दुरुस्तीचं काम करू नका. मला दहा टक्क्यांची ऑफर आली होती, सहा लाखांवर साठ हजार. माझ्या पाच तपासण्यांची कमाई एका सहीत मिळाली असती. पण ज्या दिवशी माझ्या अहवालातून कोणाला तरी काम मिळून मला पैसे मिळायला लागतील, त्या दिवशी 'फोडू नका' हे वाक्य लिहिताना माझा हात थांबेल. लोक माझ्याकडे त्या वाक्यासाठी येतात. मी कोटेशनच्या खालीच लिहिते: मी दुरुस्ती करत नाही, कोणाचं नाव सुचवत नाही. एका चेअरमन काकांनी तेवढी ओळ वाचून होकार दिला होता.

वर्षाचा क्रम

तक्रारी जूनअखेर सुरू होतात. जुलै-ऑगस्टमध्ये आतून छतं बघून घ्या, ओल ताजी असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, म्हणून प्राथमिक अहवाल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरींच्या हातात पडला पाहिजे. तो विषयपत्रिकेत आला की दुरुस्तीचं बजेट मंजूर होतं. गच्चीवरची तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊन चांगलं पडायला लागलं की. दुरुस्ती जानेवारी ते मे.

मग पुढच्या जुलैत, दोन चांगले पाऊस होऊन गेले की, मी फेरतपासणीला जाते. जुन्या अहवालातल्या त्याच जागी मीटर टेकवते आणि दोन्ही वर्षांचे आकडे एका कागदावर लिहून देते. हे ४,००० कमिटी कुरकुर न करता देते. त्या दिवशी जिन्यात हमखास कोणीतरी थांबवतं, "ताई, बी विंगचं पण बघाल का?" तेव्हा कोरं कोटेशन पिशवीत असू द्या.